तक्रार कुठे करणार, हे आधी ठरवा

मोबाइलवरून गुंतवणूक करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे का, असे कुणी विचारले की मी उलट विचारतो, तुम्ही नेमक्या कोणत्या बटणावर बोट ठेवले? चेष्टा म्हणून विचारत नाही. एकाच पेमेंट अ‍ॅपच्या एकाच पडद्यावर आज म्युच्युअल फंडाची एसआयपी, डिजिटल सोने, दोन मिनिटांत मिळणारे कर्ज, विमा आणि पैसे पाठवण्याची सोय शेजारीशेजारी मांडलेली असते. रंग तोच, बोधचिन्ह तेच, पिनही तोच. पण म्युच्युअल फंडावर सेबीची देखरेख, कर्ज आणि पेमेंटवर रिझर्व्ह बँकेची, विम्यावर विमा नियामक प्राधिकरणाची आणि डिजिटल सोन्यावर यांपैकी कुणाचीच नाही. आपला विश्वास बसतो अ‍ॅपवर; कायदा मात्र त्या अ‍ॅपमागे कोणती नोंदणीकृत संस्था आहे आणि विकली जाणारी वस्तू कोणत्या नियमाखाली येते, एवढेच पाहतो. म्हणून माझे म्हणणे असे की, या क्षेत्रात संरक्षण मिळवायचे ते पैसे पाठवण्याआधी. नंतर हाती उरते ती वसुली, आणि वसुलीची वाट फार लांबची असते.

डिजिटल सोन्याचेच उदाहरण घ्या. दहा रुपयांपासून सोने घेता येते, तिजोरीची चिंता नाही, हवे तेव्हा विकता येते, अशी ही सोय आपल्याकडच्या सोन्याच्या ओढीला नेमकी भिडली. ऑगस्ट २०२१मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने आपल्या सदस्य दलालांना सांगितले की डिजिटल सोन्याची विक्री १० सप्टेंबरपर्यंत बंद करा, कारण दलालांना सिक्युरिटीजखेरीज असा धंदा करता येत नाही. दलालांच्या अ‍ॅपवरून ते सोने गेले. पेमेंट अ‍ॅपवर मात्र राहिले, कारण ती अ‍ॅप सेबीच्या कक्षेतलीच नव्हेत. म्हणजे ज्याच्यावर देखरेख होती त्याने विकणे थांबवले, आणि ज्याच्यावर ती नव्हती त्याने विकणे चालू ठेवले! पुढे ८ नोव्हेंबर २०२५ रोजी सेबीने निवेदन काढून साफ सांगितले की हे उत्पादन सिक्युरिटी म्हणून अधिसूचित नाही, वस्तू वायदा म्हणूनही नियंत्रित नाही, आणि गुंतवणूकदार संरक्षणाची आमची कोणतीही व्यवस्था त्याला लागू होणार नाही. सोने विकणाऱ्या सगळ्या कंपन्या लबाड आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. उद्या एखादी बुडाली किंवा तिने सोने द्यायला टाळाटाळ केली, तर सेबीच्या दारात उभे राहता येणार नाही, इतकेच. तेवढेच सोने गोल्ड ईटीएफमधून घेतले तर ते दार उघडे असते. दोन्हींतले सोने तेच, दाराचा फरक मात्र फार मोठा आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘अहो, पावती मिळते, जीएसटी कापला जातो, केवायसी होते, म्हणजे सरकारला माहीत आहेच ना?’ सरकारला माहीत असणे ही एक गोष्ट आणि सरकारने तुमच्या पैशांची काळजी वाहणे ही दुसरी. सोन्यावर ३ टक्के जीएसटी द्यावा लागतो तो करकायद्यामुळे. विक्रेता भरवशाचा आहे असे त्यातून कुणी प्रमाणित करत नाही. आभासी चलनाबाबत हा गैरसमज जास्त महाग पडला. १ एप्रिल २०२२पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला, जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जाऊ लागला, मार्च २०२३मध्ये हे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आणि त्यांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागली. ही नोंदणी जाहिरातीत अभिमानाने मिरवली जाते. पण तिचा हेतू पैसा कुठून आला हे सरकारला कळावे, हा आहे. तुमची नाणी सुरक्षित आहेत का, हे तिथे कुणी तपासत नाही. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या मंचावरून २३ कोटी डॉलरहून अधिक मोलाची आभासी मालमत्ता चोरीला गेली, तेव्हा भारतीय खातेदारांच्या पैशांचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयातल्या पुनर्रचना प्रक्रियेकडे गेला. ऑक्टोबर २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आभासी चलन ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून कुणाकडे ठेवता येते, असे म्हटले. हा निकाल महत्त्वाचा आहे. पण न्यायालयात जाऊन हक्क सिद्ध करणे आणि नियामकाकडे साधी तक्रार करून उत्तर मिळवणे, यात सामान्य माणसासाठी वर्षांचा आणि वकिलाच्या फीचा फरक आहे.

आता बँकेतल्या पैशांकडे वळू, कारण इथे कायदा खरोखर ग्राहकाच्या बाजूने उभा आहे आणि तरीही त्याचा अर्धाच भाग लोकांना ठाऊक असतो. ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, दोष व्यवस्थेत कुठेतरी आहे, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर शून्य बोजा. चार ते सात दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्यात जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा. त्याहून उशीर झाला की बँकेचे स्वतःचे धोरण लागू. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. ही कागदावरची बढाई नाही. जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका औषध कंपनीचे गेलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला बँकेला सांगितले, ते याच परिपत्रकाच्या आधारे. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवून एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये बँकेने द्यावेत असे ठरवले. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत कळवले होते, ही बाब निर्णायक ठरली. बँकेच्या शाखेत ‘ओटीपी गेला म्हणजे तुमचीच चूक’ असे सांगून बोळवण केली जाते, तेव्हा हे दोन निकाल लेखी तक्रारीत घालावेत.

पण या परिपत्रकाचा पाया ‘संमतीशिवाय’ हा आहे, आणि आजच्या गुंतवणूक फसवणुकीचा सगळा कावा संमती काढून घेण्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात कुणी ‘तज्ज्ञ’ शेअर सुचवतो, गटातले बाकीचे नफ्याची चित्रे टाकतात, मग एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतात, त्यावर आपले पाच लाख महिनाभरात बारा लाख झालेले दिसतात, काढायला गेले की ‘कर’ म्हणून आणखी दोन लाख मागतात. यातला प्रत्येक रुपया खातेदाराने स्वतः, स्वतःच्या पिनने पाठवलेला असतो. बँक म्हणते, आदेश तुमचाच होता. आणि परिपत्रकाच्या शब्दांत तिचे म्हणणे बरेचसे टिकते. सेबी म्हणते, ही संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नाही. उरतात पोलीस. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार २०२४मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. सगळीच रक्कम गुंतवणुकीच्या नावाखाली गेलेली नाही, पण ज्या व्यवहाराला कायद्याचे कवच सर्वांत पातळ आहे, नेमक्या त्याच वाटेने ठक येतात, हे उघड आहे.

‘मग ग्राहक न्यायालय कशासाठी?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बँकिंग, वित्त आणि विमा या सेवा स्पष्टपणे येतात. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बंगळूरुच्या कंपनीविरुद्ध साताऱ्यात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षे. इतके सगळे ग्राहकाच्या सोयीचे आहे. अडचण व्याख्येत आहे: ‘व्यापारी हेतूने’ सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल तरच अपवाद. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाने बँकेकडून घेतलेली ओव्हरड्राफ्टची सोय व्यापारी हेतूची मानली आणि त्याला ग्राहक मानायला नकार दिला. शेअर व्यवहारांच्या तक्रारीत कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेतो. निवृत्तीच्या पैशांतून फंड घेणारा आणि रोज वायद्यात पन्नास सौदे करणारा यांना एका मापाने मोजता येणार नाही, हे खरे. पण आपण कोणत्या गटातले आहोत हे आयोगापुढे सिद्ध करायची तयारी हवी. खात्यात पैसे का ठेवले, उत्पन्नाचे मुख्य साधन काय, सौदे किती, याचे कागद जपून ठेवावेत.

नोंदणीकृत ठिकाणीही पैसे बुडतातच की, असेही कुणी म्हणेल. बुडतात. सेबीच्याच सप्टेंबर २०२४च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे व ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक सौदेकर तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. सगळे सौदे कायदेशीर, सगळे दलाल नोंदलेले. कायदा फसवणुकीपासून वाचवतो, हव्यासापासून नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की माणूस नोंदणीलाच निरुपयोगी ठरवतो आणि थेट ठकाच्या गटात जाऊन बसतो.

आधी काय पाहायचे, ते आता सांगतो. नुसता नोंदणी क्रमांक पाहून समाधान मानू नका. खऱ्या दलालाचा क्रमांक खोट्या प्रमाणपत्रावर छापणे दोन मिनिटांचे काम आहे. पाहायचे ते पैसे कोणाच्या खात्यात जातात हे. ऑक्टोबर २०२५पासून सेबीने नोंदणीकृत संस्थांसाठी वेगळे यूपीआय पत्ते आणले आहेत: @ या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि त्याला जोडून बँकेचे नाव. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. बँक खात्यावर पाठवायचे असतील तर ‘सेबी चेक’ या सुविधेवर तो खाते क्रमांक त्या संस्थेचाच आहे का ते पडताळता येते. कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा अनोळखी ‘ट्रेडर्स’ नावाच्या चालू खात्यात ‘गुंतवणूक’ पाठवायला सांगितली, की तिथेच थांबा. कर्जाच्या अ‍ॅपसाठी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५पासून यादी आहे. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात यायला हवी, वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे मुख्य माहितीपत्रक आधी मिळायला हवे, ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करण्याची मुभा हवी. फोनमधली संपर्कयादी मागणारे अ‍ॅप नियम मोडते आहे. पुढे त्याच यादीतल्या नातेवाइकांना फोन जातात.

हे सगळे ग्राहकानेच पाहायचे, म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे झाले, असे कुणी म्हणाले तर मी निम्मा सहमत आहे. चार वर्षे दलालाला बंदी आणि पेमेंट अ‍ॅपला मोकळीक, हा सरकारचा दोष आहे, ग्राहकाचा नव्हे. फसवून घेतलेल्या संमतीला संमती मानायचे का, याचा निवाडा नियमातच व्हायला हवा, आणि संशयास्पद खात्यात पैसे जाऊ देणाऱ्या बँकेवरही काही वाटा यायला हवा. पण कायदा बदलेपर्यंतचा काळ कुणाच्या भरवशावर काढायचा? महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी १९९९चा एमपीआयडी कायदा आहे, चांगला कडक आहे. तरीही २०१३मध्ये कोसळलेल्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंज (एनएसईएल) या वस्तू बाजाराच्या सुमारे ५,६०० कोटींच्या प्रकरणात तो कायदा लागू होतो एवढे सर्वोच्च न्यायालयाने ठरवायलाच एप्रिल २०२२ उजाडले. एवढा काळ थांबण्याची ताकद किती निवृत्तांकडे असते?

पैसे गेलेच, तर लाज बाजूला ठेवून त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. पुढच्या खात्यांतून पैसा निघून जाण्याआधी तो गोठवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोंदणीकृत दलाल किंवा फंडाबाबत सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार संकेतस्थळावर एका वर्षाच्या आत तक्रार करा, संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि महिन्याभराने ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्या दुसऱ्या टोळीचा समजा. १९३०, लोकपाल आणि स्कोअर्स या तिन्ही ठिकाणी तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.