चेंडूला विटाळ नाही

मंडळी, गोफणीचा दगड नेमका कुठे पडेल? ते हाताच्या सरावावर ठरते. तो हात कोणत्या जातीचा, हे दगड विचारत नाही. क्रिकेटच्या चेंडूचेही तसेच आहे.

पळवणकर बाळू हे आपल्या देशाचे फार जुने आणि नामी गोलंदाज. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी धारवाडला, चर्मकार समाजात त्यांचा जन्म झाला. पुढे पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात त्यांना नोकरी लागली. पगार महिना ४ रुपये. मैदानावर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, हे त्यांचे काम. साहेब लोक फटके मारायचा सराव करीत, तेव्हा चेंडूही बाळूच टाकीत. रोज टाकून टाकून त्यांचा डावा हात तयार झाला. चेंडू हळू यायचा. पण बोटांनी त्याला असा पीळ दिलेला असे की टप्पा पडताच तो वळायचा. मारणारा फसायचा!

हिंदूंच्या संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे गडी आत बसून कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. म्हणजे हातचा चेंडू चाले, पण हातचा कप चालत नसे!

१९०६ साली मुंबईला हिंदूंच्या संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवले. बाळूंची गोलंदाजी तिथे फार कामी आली. १९११ साली भारताचा संघ विलायतेला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. हळूहळू संघातले लोक त्यांच्या पंगतीला बसू लागले.

तरी संघाचे कप्तानपद बाळूंना दिले नाही. त्यांचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही चांगले खेळाडू होते. १९२० साली जातीमुळे डावलले, म्हणून शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायचे नाकारले. अखेर १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, आणि त्यांचा संघ जिंकला. हे बाळूंनी डोळ्यांनी पाहिले. १९५५ साली ते वारले.

सांगा पाहू :
१. बाळूंचा चेंडू टप्पा पडल्यावर का वळायचा?
२. भावांनी खेळायचे का नाकारले?
३. आपल्या बोरी अरबात लग्नाच्या पंगतीला सगळे जण एकत्र बसतात का? नसतील, तर का नाही? घरी याविषयी बोला.