सीलंट निघून का येते?

सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून बरेच पालक तिलाही दुधाचीच समजतात. ही दाढ कायमची. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस तळापर्यंत पोचत नाही आणि कीड बहुधा तिथूनच लागते. या खाचा बुजवणारा पातळ थर म्हणजे सीलंट. ‘लावलं, पण वर्षभरात निघालं,’ असे पालक सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा बिनसलेले असते ते लावण्यापूर्वीच्या तयारीत.

दाताच्या गुळगुळीत एनॅमलला, म्हणजे वरच्या कठीण थराला, सीलंटचे रेझिन धरत नाही. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक ॲसिड वापरत. त्यावरून अमेरिकेतल्या मायकेल ब्युओनोकोर यांना तोच उपाय दातावर करून पाहावासा वाटला आणि १९५५ साली त्यांनी तो यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे ॲसिड ८५ टक्क्यांचे होते. आज ३५ ते ३७ टक्क्यांचे जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात. एनॅमलवर सूक्ष्म छिद्रे पडतात, पातळ रेझिन त्यांत उतरते आणि निळ्या प्रकाशाने तिथेच घट्ट होते.

‘ॲसिडने दात झिजेल ना?’ घाबरू नका. जातो तो काही मायक्रॉनचा थर. रेझिनने न झाकलेला भाग लाळेतल्या क्षारांनी हळूहळू भरून निघतो.

खरा शत्रू म्हणजे ओल. ॲसिड धुऊन वाळवलेली दाढ खडूसारखी पांढुरकी दिसते. त्या वेळी लाळ लागली, तर तिच्यातली प्रथिने काही सेकंदांत छिद्रांवर बसतात. मग नुसते वाळवून भागत नाही, ॲसिड पुन्हा लावावे लागते. म्हणून डॉक्टर कापूस किंवा रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावत असताना मुलाला चूळ भरायला उठू देऊ नका. ओल टाळणे कठीणच असेल, तर सीलंटखाली बाँडिंगचा (चिकटवणाऱ्या द्रवाचा) थर दिल्याने पकड सुधारते. लेझर किंवा बारीक भुकटीचा फवारा ॲसिडची जागा घेऊ शकत नाही, आणि निरोगी दाढेच्या खाचा ड्रिलने रुंद करण्याची तर सहसा गरजच नसते.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांतून आला असाल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. जास्त फ्लोराइडमुळे फ्लोरोसिस झालेल्या एनॅमलचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही. ॲसिड ठेवण्याचा वेळ वाढवावा लागतो.

दाढ हिरडीतून अर्धीच वर आली असेल, तर ती कोरडी राहणे अवघड. अशा वेळी मी रेझिनऐवजी ग्लास आयोनोमर या पदार्थाचे सीलंट सुचवते. ते लवकर झिजते, पण थोडी ओल सोसते. दाढ पूर्ण आली की रेझिन लावता येते.

सीलंट लावल्यावर सहा महिन्यांनी दाखवायला या. एखादा कोपरा निघाला असेल आणि खाली कीड नसेल, तर तेवढ्याच जागी ॲसिड लावून तो पुन्हा बुजवता येतो. सगळे खरवडून काढावे लागत नाही.