अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे डोळे आणि सरकारी साहाय्य

नेत्रोपचारासाठी सरकारी साहाय्य म्हटले की खेडोपाडी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेवढीच नजरेपुढे येते, आणि ते स्वाभाविकही आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला तेव्हापासून अनेक वर्षे त्याचा मुख्य भर मोतीबिंदूवरच राहिला. शिबिर, तपासणी, तारीख, शस्त्रक्रिया हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. मोतीबिंदूचा रुग्ण दोन-चार महिने थांबला तरी शस्त्रक्रियेनंतर त्याला बहुधा दिसू लागते. त्यामुळे एखादा दाखला उशिरा मिळाला तर गैरसोय होते, पण कायमचे नुकसान सहसा होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना होणारा दृष्टिपटलाचा विकार मात्र असा आहे की, त्यात निदान आणि उपचार यांच्यामध्ये आठवडाही दवडता येत नाही. या विकारासाठी साहाय्य मागताना सरकारी कामाची नेहमीची चाल उपयोगाची नाही, हे पालकांनी आणि अधिकाऱ्यांनीही ध्यानी घ्यावयास हवे.

डोळ्याच्या आतील मागच्या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यावरील रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यातून निघून कडेकडे वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. मूल सातव्या-आठव्या महिन्यात जन्मले की ही वाढ अर्धवट राहते. अशा बालकास काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू द्यावा लागतो. त्याचे प्रमाण जास्त झाल्यास रक्तवाहिन्यांची वाढ आणखी खुंटते. पुढे काही आठवड्यांनी, रक्त न पोचलेल्या भागाच्या मागणीमुळे, नको त्या ठिकाणी नव्या नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांच्यापासून तयार होणारे तंतू आकसले की दृष्टिपटल ओढले जाऊन सुटे होते. ते पूर्ण सुटल्यावर दृष्टी परत मिळण्याची आशा फार थोडी. प्राणवायू देऊच नये, असा अर्थ मात्र कोणी काढू नये; त्यावाचून बालक जगतच नाही. तो मोजून द्यावा आणि डोळे वेळेवर तपासावेत, एवढेच वैद्यकशास्त्राचे म्हणणे आहे.

डॉक्टरांच्या कागदावर हा विकार ‘आरओपी’ या तीन अक्षरांनी लिहिलेला असतो. बोस्टन येथील डॉ. टेरी यांनी १९४२ साली त्याची प्रथम नोंद केली. त्याची वाईट गोष्ट अशी की बाहेरून काहीच दिसत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, बाळ रडत नाही. बाहुली पांढरी दिसू लागते तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते. म्हणून ‘काही दिसले तर दाखवू’ हे धोरण येथे चालत नाही.

आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांनुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बालकाची दृष्टिपटल-तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत झाली पाहिजे. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा १,२०० ग्रॅमहून हलक्या बालकाची तपासणी त्याहीपूर्वी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करतात. म्हणजे १० जून रोजी जन्मलेल्या बालकाचे डोळे १० जुलैपूर्वी तपासून झाले पाहिजेत. आता अडचण अशी की, यापैकी कित्येक बालकांना विसाव्या-पंचविसाव्या दिवशी घरी सोडले जाते. बाळंतीण माहेरी जाते, आणि सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढू नये असा आपल्याकडे रिवाज. तपासणीची तारीख नेमकी त्या सव्वा महिन्यात येते! आजीबाईंच्या रिवाजामागे मायाच असते, हे खरे. पण या एका कामासाठी त्यांची समजूत घालणे अगत्याचे आहे, आणि ते काम गावातील अंगणवाडी सेविका व परिचारिका यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

तारीख चुकल्यास काय होते याचा एक दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेला आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात एक मुलगी जन्मली. वजन १,२५० ग्रॅम. पेटीतून काढून तिला घरी पाठविले, पण डोळे तपासून घ्या असे पालकांना कोणी सांगितले नाही. काही महिन्यांनी विकार ध्यानात आला, तेव्हा तो हाताबाहेर गेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००९ साली ५ लाख रुपये भरपाई दिली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून पुढील उपचारांसाठी १ कोटी ३८ लाख रुपये आणि झालेल्या खर्चापोटी ४२ लाखांहून अधिक रुपये देण्याचा आदेश केला. तोवर मुलगी अठरा वर्षांची झाली होती. एका वेळेवरच्या तपासणीला जो खर्च येतो, त्याच्याशी या रकमांची तुलना वाचकांनी स्वतःच करावी.

आता साहाय्याविषयी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीतच या विकाराचा समावेश आहे. त्यामुळे तपासणी आणि पुढील उपचार मोफत मिळावेत अशी मागणी करताना पालकांनी दयेची याचना करण्याचे कारण नाही. कार्यक्रमाचे नाव घेऊनच विचारावे. गोव्यातील पालकांनी पहिली चौकशी बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळाच्या नेत्रविभागात करावी. दुसरा मार्ग दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा. ही योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा तीन व्यक्तींपर्यंतच्या कुटुंबास वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांचे संरक्षण ठरविण्यात आले होते. नवजात बालकाचे नाव कार्डावर नसते, आणि त्या कारणाने खिडकीवरून परत यावे लागू नये म्हणून जन्मनोंद ताबडतोब करून घेऊन ते नाव चढविण्याविषयी आधीच विचारून ठेवावे. दृष्टिपटल सुटू लागल्यावर करावी लागणारी शस्त्रक्रिया राज्यातील सरकारी इस्पितळात होत नसेल, तर राज्याच्या मेडिक्लेम योजनेकडे वळावे लागते. त्यासाठी इस्पितळाचे शिफारसपत्र, उत्पन्नाचा व वास्तव्याचा दाखला यांची तयारी हवी. आधी पदरचे पैसे भरून मागाहून परतफेड मागण्यापेक्षा उपचारापूर्वी मंजुरी घेणे केव्हाही श्रेयस्कर. हातउसने काढून झालेला खर्च सरकारकडून वसूल करणे किती जिकिरीचे असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

सर्व कागदांत एक कागद निर्णायक असतो, तो म्हणजे नेत्रतज्ज्ञाची टिपणी. ‘डोळ्याचा विकार, उपचार आवश्यक’ एवढ्यावर कोणताही कारकून ती फाइल इतर फाइलींच्या खाली ठेवील, आणि त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही. टिपणीत बालकाचे जन्माचे वजन, किती आठवड्यांनी जन्म झाला ते, विकाराची पायरी आणि दृष्टिपटलाचा कोणता भाग ग्रासला आहे ते असावे. पाच पायऱ्यांपैकी कितवी, हे लिहिलेले असले की दुसऱ्या इस्पितळातील तज्ज्ञालाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मुख्य म्हणजे, उपचार कोणत्या तारखेच्या आत व्हावा ती तारीख असावी. उपचाराची गरज ठरल्यापासून ४८ ते ७२ तासांत लेसर किरणांनी रक्तहीन भाग निकामी करणे किंवा डोळ्यात इंजेक्शन देणे इष्ट मानतात. ही तारीख अर्जाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिण्यास पालकांनी संकोच करू नये.

मामलेदार कचेरीतील मंडळींनीही अशा अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहावे. दाखल्यासाठी ‘सोमवारी या’ असे सांगताना तो सोमवार त्या तारखेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तरी पाहावे. आणि एखादा दाखला मागाहून जोडण्याची मुभा नियमात असेल तर ती अर्जदारास आपण होऊन सांगावी. खेडूत माणूस ती मागणार नाही, कारण ती असते हेच त्याला माहीत नसते.

एकदा उपचार झाला म्हणजे काम संपले असे नाही. दृष्टिपटल पुरते स्थिरावेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी फेऱ्या माराव्या लागतात. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून रोजंदारी बुडवून येणाऱ्या जोडप्याची तिसरी-चौथी फेरी चुकते ती बहुधा बसभाड्यापायी. पंचायतीने तेवढा भार उचलल्यास फार मोठी रक्कम लागणार नाही. पुढे अशा मुलांना लघुदृष्टी किंवा तिरळेपणा येण्याचा संभव अधिक असतो. प्राथमिक शिक्षकांनी पहिलीत नाव दाखल करतानाच मूल अपुऱ्या दिवसांचे होते काय, पेटीत ठेवले होते काय, हे आईला विचारून घ्यावे, आणि शाळेतील नेत्रतपासणीच्या वेळी त्या मुलास पहिल्यांदा पुढे करावे. त्या तपासणीत दोष आढळलेल्या गरजू मुलांना चष्मा मोफत देण्याची तरतूद अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातच आहे.