चित्रपटांतील साहसदृश्ये : ती का रंगतात व का फसतात?

चित्रपटात लढाई, पाठलाग, मारामारी किंवा धाडसाची उडी आली म्हणजे मुले सरसावून बसतात आणि वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात. एकाच दृश्याने एकास आनंद व दुसऱ्यास उद्वेग व्हावा यात नवल नाही. परंतु दोघांच्याही ध्यानात सहसा न येणारी गोष्ट अशी की, अशा दृश्यांपैकी मोजकीच जन्मभर स्मरणात राहतात; बाकीची चित्रगृहाबाहेर पाऊल पडताच विसरली जातात. घोडे तेच, तलवारी त्याच, धूळही तेवढीच. मग हा भेद कशाने पडतो? याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यास हल्ली सर्वत्र 'ॲक्शन' म्हणतात त्यास आम्ही येथे साहसदृश्य म्हणू.

हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, अशी शंका पालकांस येईल. तिला उत्तर असे की, आज मोबाइलच्या रूपाने पडदा घरोघरी आला आहे. मुले साहसदृश्ये नुसती पाहत नाहीत, तर त्यांचे अनुकरण करून स्वतःचे चित्रणही करू लागली आहेत. धावत्या गाडीच्या दारातून बाहेर झुकणे, मोटारसायकल एका चाकावर पळविणे, पुलावरून नदीत उडी टाकणे, हे प्रकार आता कोणास नवीन राहिले नाहीत. जी वस्तू मुलांच्या मनावर एवढा अंमल गाजविते तिची घडण त्यांस ठाऊक असणे हिताचे आहे. जादूगाराची युक्ती कळली म्हणजे भुरळ ओसरते आणि हस्तकौशल्याचे कौतुक तेवढे उरते.

प्रथम आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. जत्रेतील कुस्तीचा फड आपण सर्वांनी पाहिला आहे. हलगी वाजत असते, हौद्यात दोन मल्ल उतरतात, आणि हजारो माणसे श्वास रोधून पाहत राहतात. येथे कोणतेही कॅमेऱ्याचे कसब नाही, तरी मन खिळते. का? कोण कोणाशी लढत आहे हे सर्वांस ठाऊक असते. जिंकल्यास काय मिळणार व हरल्यास कोणाची मान खाली जाणार हेही ठाऊक असते. आणि प्रत्येक डावाला प्रतिडाव असल्यामुळे आता पुढे काय, ही उत्कंठा क्षणोक्षणी वाढत जाते. हेतू, स्थळ आणि कार्यकारण ही तीन अंगे येथे एकत्र नांदतात. साहसदृश्याचे शास्त्र बहुतांशी यातच सामावलेले आहे.

हेतूचा विचार प्रथम करू. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड अडवून धरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. २०२२ साली दिग्पाल लांजेकर यांनी याच प्रसंगावर 'पावनखिंड' हा मराठी चित्रपट काढला. चित्रपटकारास इतिहासाने येथे एक अमोल देणगी दिली आहे, असे आम्हांस वाटते. गडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडावयाची नाही, ही परंपरेने सांगितलेली अट पाहा. तिच्यामुळे लढाईला उद्देश मिळतो, मर्यादा मिळते आणि काळाचे मोजमापही मिळते. तलवारीचा प्रत्येक वार म्हणजे गडाकडे पडणारे एकेक पाऊल होय. याउलट, नायक पन्नास गुंडांस लोळवितो, पण लोळवून त्याला नेमके काय साधावयाचे आहे हेच जर प्रेक्षकास ठाऊक नसेल, तर तो देखावा दिवाळीच्या फटाक्यांसारखा ठरतो : आवाज मोठा, उजेड क्षणाचा.

दुसरे अंग स्थळाचे. कोण कोठे उभा आहे, शत्रू कोणत्या बाजूने येणार, पळावयास वाट आहे की नाही, हे कळल्यावाचून भीतीही वाटत नाही व आशाही वाटत नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन सामुराई' या चित्रपटात चाळीस दरोडेखोरांपासून एका खेड्याचे रक्षण करावयाचे असते. लढाईस तोंड लागण्यापूर्वीच खेड्याचा नकाशा, त्याच्या वाटा व नाकी प्रेक्षकांस समजावून दिली जातात. पुढे वीरांचा म्होरक्या कागदावर दरोडेखोरांची वर्तुळे काढून ठेवतो आणि एकेक पडला की त्यावर फुली मारतो. त्यामुळे पावसाच्या व चिखलाच्या रणधुमाळीतही आपला हिशेब चुकत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी ही युक्ती भूमितीच्या पाठाप्रमाणे ध्यानात ठेवावी : आधी आकृती, मग सिद्धता.

स्थळाच्या संबंधात कॅमेऱ्याचा एक साधा नियम आहे. खो-खोच्या मैदानावर दोन मुले समोरासमोर उभी करा आणि त्यांच्यामध्ये एक रेषा आहे अशी कल्पना करा. रेषेच्या एकाच बाजूस राहून चित्रण केले, तर रामू नेहमी डावीकडे व श्यामू नेहमी उजवीकडे दिसेल. कॅमेरा रेषा ओलांडून पलीकडे गेला की दोघांच्या जागा पालटतात, आणि पाठलाग करणारा उलट पळून जात आहे असा भास होतो. पुष्कळ दृश्ये याच लहानशा चुकीने गोंधळात पडतात. गर्दीतही डोळ्यास वाट दाखविण्याची कला आपल्या शेजारीच, अजिंठ्याच्या डोंगरात, चित्रपटाच्या कितीतरी शतके आधी साधली होती. सतराव्या लेण्यात सिंहलाच्या लंकेवरील स्वारीचे चित्र आहे. हत्ती, भाले, बाण आणि राक्षसी यांची त्यात दाटी आहे. तरीही हत्तीवर आरूढ झालेला वीर पाहणाऱ्याच्या दृष्टीस चटकन सापडतो. आमची वाघूर नदी त्याच दरीतून वाहत पहूरला येते. आमच्या मुलांनी ते चित्र या दृष्टीने एकवार अवश्य पाहावे.

तिसरे अंग कार्यकारणाचे. वार झाला म्हणजे घाव दिसला पाहिजे. उडी मारली म्हणजे दम लागला पाहिजे. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' हा बोलपट काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स ही 'नादिया' या नावाने त्यात नायिका होती. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल' मध्ये तिने आगगाडीच्या टपावर मारामारी केली. ही धाडसे ती स्वतः करीत असे. तिचे सबंध शरीर पडद्यावर दिसे, तोल जाताना दिसे व सावरताना दिसे. म्हणून प्रेक्षकांचा विश्वास बसे. आज संगणकाच्या साह्याने माणूस ढगांपर्यंत उडविता येतो. पण ज्या शरीरास वजन नाही त्याच्या पडण्याची भीतीही वाटत नाही. साधन दोषी नव्हे. सिंहगडाचा विषय बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' या मूकपटात हाताळला, आणि २०२० साली ओम राऊत यांनी 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात संगणकाचा मुबलक उपयोग करून तोच पुन्हा मांडला. साधने पालटली, परंतु कसोटी तीच राहिली : कड्याची उंची पाहणाऱ्याच्या पोटात कालवते की नाही?

वेगाचेही असेच आहे. वेग यंत्रात असतो त्याहून अधिक दृष्टीत असतो. पाचोरा-जामनेरची अरुंद रुळांची गाडी पूर्वी पहूरवरून जात असे. ती किती सावकाश चाले हे वडीलधाऱ्यांस विचारावे. तरी तिच्या खिडकीतून पाहता रुळांलगतची बाभळीची झाडे सर्रकन मागे जात आणि दूरचा डोंगर जागीच उभा राही. जवळची वस्तू वेगाने सरकते, लांबची स्थिर भासते, हा तो नियम. म्हणूनच चतुर चित्रणकार कॅमेरा जमिनीलगत व झुडपांशेजारी ठेवून मंद वाहनासही वेगवान भासवितो.

चौथे अंग लयीचे. एकसारखा आरडाओरडा ऐकून कान बधिर होतात, तसे एकसारखी हाणामारी पाहून मन बधिर होते. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली 'कालिया मर्दन' काढला आणि आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला त्यात कृष्णाची भूमिका दिली. डोहातील झुंज दाखविताना ते मधून मधून काठावरील व्याकूळ माणसे दाखवितात. त्या एका योजनेने झुंजीस विसावा मिळतो आणि चिंताही दुणावते. रमेश सिप्पी यांच्या १९७५ सालच्या 'शोले' मध्ये ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग पाहा. तेथे गोळीबाराइतकाच झोपाळ्याच्या कुरकुरण्याचा आवाज अंगावर काटा आणतो. आजकाल पुष्कळ ठिकाणी तुकडे इतके बारीक कापलेले असतात की डोळा एक वस्तू शोधीपर्यंत दुसरी येते. पडद्यावर सेकंदास चोवीस चित्रे धावतात खरी, परंतु मनाचा वेग तेवढा नसतो. अशी घाई बहुधा मूळ दृश्यातील दुबळेपणा झाकण्यासाठी केलेली असते.

पाचवे व आमच्या मते सर्वांत श्रेष्ठ अंग म्हणजे परिणाम. साहसानंतर माणूस बदलला पाहिजे, अथवा त्याचे खरे रूप तरी प्रकट झाले पाहिजे. 'शोले' मधील आगगाडीवरील हल्ल्याचे चित्रण पनवेलनजीक झाले व त्यास सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. एवढे श्रम कशासाठी? हल्ला परतविल्यावर अधिकारी जखमी पडलेला असतो. दोघा कैद्यांस पळून जाण्याची संधी असते. ते नाणे उडवितात आणि त्याला इस्पितळात पोचवितात. सारा धुरळा खाली बसल्यावर हाती उरते ती त्यांची माणुसकी. ती नसती, तर सात आठवड्यांच्या श्रमांतून धूर व ठिणग्यांपलीकडे काही निघाले नसते. नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या 'सैराट' चा शेवट तर याहून बोलका आहे. तेथे हत्या दिसत नाही, आवाजही थांबतो. दिसतात ती केवळ एका अजाण बालकाची रक्ताने माखलेली पावले. हिंसा न दाखविताही तिची भयानकता कशी दाखवावी, याचा हा वस्तुपाठ होय.

कोणी म्हणेल की, हे सर्व पैशाचे खेळ आहेत. त्याने मालेगावकडे पाहावे. यंत्रमागांच्या त्या गावी शेख नासिर व त्यांच्या सोबत्यांनी तुटपुंज्या भांडवलावर 'मालेगाव के शोले' काढला. त्यात दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्यात यंत्रमागावर राबणारा एक कृश तरुण नायक होता आणि कॅमेरा उंच नेण्यास बैलगाडी कामी येई. फैजा अहमद खान यांनी या उद्योगावर माहितीपट केला व तो दूरदेशी गौरविला गेला. लोक तेथे हसतात, परंतु गोंधळत नाहीत. कारण कोण, कोठे व कशासाठी धावत आहे हे त्यांस प्रत्येक क्षणी ठाऊक असते.

आता मुलांस एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. पडद्यावर दिसणारी उडी पुष्कळदा त्या नटाची नसतेच. 'शोले' मध्ये बसंतीचा टांगा भरधाव जातो तेव्हा हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण या साहसकर्मी स्त्रीने जीव धोक्यात घातला होता. अशा माणसांमागे वर्षांचा सराव असतो, खाली गाद्या असतात, कमरेस दोर असतात, आणि एकाच उडीपूर्वी तासचे तास मोजमाप चालते. एवढे असूनही त्यांची हाडे मोडतात. त्यांची नावे दीर्घकाळ अंधारातच राहिली. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनास अलीकडेच स्थान मिळाले, आणि अमेरिकेतील ऑस्कर पुरस्कारांत २०२७ सालच्या चित्रपटांपासून या कलेस स्वतंत्र पारितोषिक देण्याचे २०२५ साली जाहीर झाले. जो मुलगा सरावावाचून, दोरावाचून व गादीवाचून पुलावरून उडी घेतो, तो या कलेचे अनुकरण करीत नाही. तिचा केवळ देखावा तेवढा उचलतो, आणि देखाव्याखालचा आधार मागेच राहतो.

पालकांस आमची विनंती आहे की, त्यांनी असे चित्रपट पाहण्यास मुलांस सरसकट बंदी करू नये व मोकळे रानही देऊ नये. वयास योग्य असा चित्रपट एकदा तरी मुलांसोबत बसून पाहावा आणि साहसदृश्य संपल्यावर पुढील प्रश्न विचारावेत. ह्या लढाईत काय मिळवावयाचे होते? कोण कोठे उभा होता, हे कागदावर काढून दाखविता येईल काय? कोणत्या वाराचा कोणता परिणाम झाला? शांततेचा क्षण कोठे आला? आणि शेवटी कोणाच्या जीवनात काय बदलले? पाचांपैकी चार प्रश्नांची उत्तरे मुलाने दिली, तर ते दृश्य रंगले असे समजावे. एकाचेही देता आले नाही, तर तेवढा वेळ नुसता गलका ऐकण्यात गेला, हे त्याला सांगावे लागणार नाही. ते त्याचे त्यालाच उमगेल. ज्याला असे उमगू लागले, तो पडद्यावरच्या प्रत्येक उडीमागे आपणही उडी टाकणार नाही. आधी तो खाली काय आहे ते पाहील.