किराणा दारात, भार कमरेवर



लागण, खत, पाणी सोडून ऊस विकास खात्याने पाठीच्या दुखण्यावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आमचा शेतकी स्टाफ गटात फिरतो तेव्हा 'कंबर धरली म्हणून बांधणी राहिली' हे कानावर येतेच. खोलात विचारले तर ही कंबर बहुधा शेतात नाही, घरात धरलेली असते. वाण्याच्या पोऱ्याने पोते उंबऱ्याशी टाकले, ते कोठीपर्यंत ओढताना उसण भरली, असा प्रकार. सामान घरपोच आले की काम झाले असे आपण समजतो. दुखऱ्या पाठीचे खरे काम तिथून पुढे दहा पावलांत असते.

ही दहा पावले म्हणजे काय, हे नीट पाहायचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीकडे पाहावे. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. प्राणहिता नदीकाठचा, जंगलाचा आणि भाताचा हा मुलूख. शासनाच्या द्वारपोच योजनेत रेशनचे धान्य वाहनाने येते, पण ते दुकानाच्या दारापर्यंत. दुकान ते घर हे अंतर ज्याचे त्याने तोडायचे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे सहा माणसांचे ३० किलो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून आतल्या गावांचा साठा आधीच पोचवून ठेवावा लागतो. २०२५ साली तर जून ते ऑगस्टचे धान्य एकदमच वाटावे असे केंद्र सरकारने ठरवले. अंत्योदयवाल्या घराला हे झाले १०५ किलो! सोय चांगली, पण घरात पाठीचा रोगी असेल तर तेवढे वाहायचे कोणी?

त्या भागात कावड अजून वापरात आहे. बांबूच्या दोन टोकांना ओझे वाटून खांद्यावर घेतात. शरीर एका अंगाला वाकत नाही, पुढे ओढले जात नाही. आता कावड हे काही पाठदुखीचे औषध नव्हे. सगळा भार शेवटी मणक्यावरूनच जमिनीत उतरतो. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की ओझे उचलण्यापूर्वी ते फोडलेले असते.

का फोडायचे? पहारीने धोंडा हलवणाऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. वाकून, हात लांब करून २० किलोची पिशवी उचलली तर ती मणक्यापासून साधारण ५० सेंटिमीटरवर असते. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. तरफेची आखूड बाजू आपल्याकडे. २० गुणिले ५०, भागिले ५. म्हणजे स्नायूंना २०० किलोची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. तीच पिशवी अंगाशी, २५ सेंटिमीटरवर धरली की ओढ निम्मी. स्वीडनच्या नाखेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या काळात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब प्रत्यक्ष मोजला होता. वाकून वजन उचलताना तो उभे असतानाच्या दुपटीहून जास्त भरला.

अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली हिशेब मांडला की सगळे अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगाशी, दोन्ही हातांत आणि कमरेच्या उंचीवर असताना, निरोगी माणसाला २३ किलो ही मर्यादा. आपले साखरेचे पोते ५० किलोचे, युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची. पाठ धरलेल्या माणसाने यांना हात लावूच नये, मग मुलगा घरी नसला तरी. पोते उंबऱ्यातच उघडावे आणि तांब्याने पाच-पाच किलोच्या पिशव्या भराव्यात. वेळ लागतो, लागू द्या.

वाण्याला यादी सांगतानाच बजावावे: पाच किलोच्या वर एकही पुडके नको, तेल पंधरा किलोच्या डब्यात नको, आणि सामान जमिनीवर न ठेवता ओट्यावर ठेव. दाराशी कमरेएवढे स्टूल ठेवले तर सांगावेही लागत नाही. घरातही जड डबे गुडघ्याखाली किंवा डोक्याच्या वर नकोत, कमर ते छाती यांच्या दरम्यान मांडावेत. गॅसच्या टाकीत गॅस १४.२ किलो असला तरी लोखंडासह ती तीस किलोच्या आसपास जाते. आणणाऱ्याकडूनच ती जागेवर बसवून घ्यावी, लाजू नये. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचे काम टाळावे, कारण रात्रीतून चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात. रेशनला कार्डावरच्या कोणाही माणसाचा अंगठा चालतो, तेव्हा दुखणाऱ्यानेच रांगेत जाण्याचा हट्ट कशाला?

पूर्वी डॉक्टर महिनाभर झोपून राहायला सांगत. आता तसे सांगत नाहीत. दोन दिवसांपलीकडे पडून राहिले तर स्नायू ढिले पडतात, म्हणून सोसेल तेवढे चालत राहावे. कमरपट्ट्याने आधार वाटतो, पण पट्टा बांधला म्हणून पोते हलके होत नाही. पाय बधिर होणे, पाऊल उचलत नसणे, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काही दिसले तर चोळणे, शेकणे, झाडपाला सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या शोधग्राम येथील दवाखान्यात मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन मणक्याच्या रोग्यांवर उपचार करीत आले आहेत. एवढ्या जंगलात ही सोय उभी राहते, मग आपल्याकडच्या मंडळींनी तालुक्याला जाण्याचा आळस करावा हे काही पटत नाही.

सवलतीची साखर न्यायला येताना पाठीचा त्रास असलेल्या सभासदांनी एका मोठ्या थैलीऐवजी दोन लहान पिशव्या आणाव्यात, आणि सायकल असेल तर ती ढकलत न्यावी.