फ्रान्समधील स्मृतिदिनाची शेवंती

आपली शेवंती हार-वेण्यांची. फ्रान्समध्ये मात्र ती थडग्यावर वाहतात. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, लोक कुंडीतील शेवंती घेऊन दफनभूमीत जातात. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, ही प्रथा देशभर रुजली. शेवंती लघुदिवसीय पीक, म्हणजे रात्र मोठी झाली की कळी धरते. शिवाय हलकी थंडी सोसते, म्हणून त्या दिवसांत तीच हाती लागते. उत्पादकाला फूल नेमके सणालाच हवे. दोन आठवडे उशीर झाला तर कुंडी कोण घेणार? म्हणून गरजेप्रमाणे काळे कापड ओढून रात्र लांबवतात किंवा रात्री दिवे लावून कळी लांबवतात. तेथे कोणाकडे पाहुणे म्हणून जाताना मात्र शेवंती नेऊ नये.