सुचत नाही म्हणून लेन्स घ्यायची का? पनवेलकर हौशी फोटोग्राफरचा हिशोब

हौशी फोटोग्राफरच्या आयुष्यात एक टप्पा हमखास येतो. कॅमेरा घेऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, कर्नाळ्याचा सुळका सगळ्या ऋतूंत टिपून झालेला असतो, घरातल्या मुलांनी कॅमेरा दिसताच पळ काढायला सुरुवात केलेली असते. मग बॅग कपाटात जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सध्या काही सुचत नाही.’ आणि यावर पहिला इलाज सुचतो तो नव्या लेन्सचा.

हा इलाज सगळ्यांत महाग आणि त्याचा गुण सगळ्यांत लवकर उतरणारा. पक्ष्यांसाठी लोक घेतात ती १५०-६०० मिलिमीटरची झूम नवी घ्यायची तर ८०-९० हजारांची तयारी हवी. तेवढ्यात पनवेलमध्ये बसून कित्येक वर्षांचं सुचणं विकत घेता येतं. पुढचे दर अंदाजाचे आहेत. दुकानागणिक आणि हंगामाप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील.

ती मोठी लेन्स खरंच हवी आहे का, हे आधी भाड्याने आणून पाहा. मुंबई-नवी मुंबईत दिवसाला हजार-दीड हजारात मिळते. ओळखपत्र आणि बहुधा अनामत लागते. शुक्रवारी संध्याकाळी उचलून सोमवारी सकाळी परत करायची असेल तर किती दिवसांचे पैसे लावणार, हे आधीच विचारा; पुष्कळ ठिकाणी शनिवार-रविवारची सवलत असते. ती खांद्याला लावून कर्नाळा अभयारण्यात एक सकाळ काढली की वजनाचा आणि हौसेचा दोन्हींचा अंदाज येतो. कर्नाळ्याला पनवेल एसटी स्टँडवरून पेणच्या बाजूला जाणारी साधी गाडी चालते, अभयारण्याच्या फाटकाशीच उतरता येतं. आत जाताना माणशी शुल्क वेगळं आणि कॅमेऱ्याचं वेगळं, हे लक्षात ठेवून सुटे पैसे न्या. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, तेव्हा स्टीलची बाटली नेलेली बरी. शामा, हळद्या, नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. पण दाट झाडीत उजेड इतका कमी असतो की महागडी झूमही हात टेकते. भाड्याचे हजार रुपये घालून हे कळलं तर ८० हजार वाचले.

आता स्वस्तातला आणि माझ्या मते खरा उपाय. एकच जागा निवडायची, एकच छोटी लेन्स लावायची आणि तिथे पुन्हा पुन्हा जायचं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटर एफ १.८ सारखी लेन्स सेकंडहँड सात-आठ हजारांत मिळते. ५० मिलिमीटर त्याहून थोडी स्वस्त, पण गल्लीबोळात ती फार जवळ येते, मागे सरकायला जागा उरत नाही. फोनने काढत असाल तर हा खर्चही शून्य. योसेफ सुडेक या चेक फोटोग्राफरचा एक हात पहिल्या महायुद्धात गेला होता. १९४० पासून पुढे कित्येक वर्षं तो प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, कठड्यावर ठेवलेला पेला. प्रवासखर्च काहीच नाही.

पनवेलमध्ये अशा जागांना तोटा नाही. लाइन आळी, मिरची गल्ली, टपाल नाका, कोळीवाडा, वडाळे तलाव. मला विचाराल तर मासळीबाजार. पावसाळ्यात तिथे वर निळी ताडपत्री ताणलेली असते आणि तिच्याखाली पापलेटपासून मावशीच्या गालापर्यंत सगळं निळं येतं. नवशिका इथे वैतागून निघून जातो. व्हाइट बॅलन्स कितीही फिरवला तरी चेहऱ्यावरचा निळा जाता जात नाही. त्याऐवजी ताडपत्रीची कड शोधा. जिथे ती संपते तिथे बाहेरचा पांढरा उजेड तिरका आत येतो; त्या पट्ट्यात बसलेल्या बाईचा अर्धा चेहरा स्वच्छ आणि अर्धा निळा दिसतो. फोटो तिथे आहे. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना जा, आणि आधी विचारा, ‘मावशी, एक फोटो काढू का?’ नाही म्हटलं तर वाद नको. पुढच्या खेपेला बोंबलाचा एखादा वाटा घ्या, शे-दीडशे रुपये. कालवण घरी, ओळख बाजारात.

त्याहून मोठी गुंतवणूक म्हणजे प्रिंट. चार बाय सहाची प्रिंट लॅबमध्ये दहा-पंधरा रुपयांत होते. ज्याचा फोटो काढला त्याला ती नेऊन द्या. फोनवर पाठवलेला फोटो कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, हातात दिलेली प्रिंट गल्ल्याच्या डब्याला चिकटते आणि पुढच्या वेळी शेजारची बाईच हाक मारते, ‘माझा कधी काढणार?’ प्रेरणा म्हणतात ती अशीही येते, जरा दमदाटी करत. महिन्याला दहा प्रिंट स्वतःसाठी काढून भिंतीवर टाचणीने लावा, म्हणजे आपण तोच तो कोन कितीदा लावतो हेही उघडं पडतं. हा खर्च महिना शे-दीडशेचा.

गावाबाहेर जायचं तर दिवा-रोहा मेमू आहे. दहा-पंधरा रुपयांत बरंच लांब जाता येतं. आपटा स्थानक शूटिंगवाल्यांचं जुनं लाडकं, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा रेल्वेप्रसंग तिथलाच. तिथे तो पळत्या गाडीचा प्रसंग उभा करायला जाऊ नका. एक तर धोक्याचं, दुसरं म्हणजे हजारोंनी करून झालेलं. हमरापूर आणि जोहे ही पेण तालुक्यातली गणपतींची गावं मात्र अवश्य बघा. चतुर्थीच्या दोन-तीन महिने आधी गेलात तर फळ्यांवर पांढऱ्याशुभ्र, अजून रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगा दिसतात. शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायलाही जागा नसते आणि कारागिरांना बोलायला वेळ नसतो. डोळ्यांची आखणी चालू असताना फ्लॅश मारू नका.

प्रबळमाची आणि कलावंतीण यांचा खर्च जास्त. ठाकूरवाडीपर्यंत रिक्षा ठरवली तर पाच-सहाशे, माचीवर जेवणासह तंबूत मुक्काम माणशी हजाराच्या आसपास. पावसाळ्यात बंदी असू शकते, निघण्याआधी चौकशी करा. ड्रोन नेण्याचा विचार असेल तर थांबा. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. ड्रोनसाठी कुठला पट्टा खुला आणि कुठला बंद, हे डिजिटल स्काय नकाशावर पाहिल्याशिवाय पनवेल परिसरात ड्रोन वर काढणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

दुसऱ्यांचं काम बघणं याला खर्च जवळजवळ नाहीच. पनवेल-सीएसएमटी लोकलचं साधं परतीचं तिकीट ४० रुपये. तिथून काळा घोडा चालत. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत. नरिमन पॉइंटला एनसीपीएची दिलीप पिरामल गॅलरी खास छायाचित्रांसाठी आहे, तीही मोफत. प्रदर्शन चालू आहे ना, तेवढं आधी बघून घ्या. सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम जमेल तिथे नीट पाहा. पद्मश्री मिळालेल्या या माणसाने एकाच विषयाशी वर्षानुवर्षं टिकून काय मिळवलं, हे त्यात दिसतं.

कार्यशाळांबद्दल माझं मत जरा कडू आहे. एक दिवसाची फोटोवॉक ५०० ते १५०० रुपयांत असते, ती ठीक. सोबत मिळते आणि निदान घराबाहेर पडणं होतं. वीस हजारांच्या दोन दिवसांच्या सहलीत मात्र पंधरा जण एकाच झाडाखाली एकाच वाघाचा एकच फोटो काढतात. पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, ‘परत आल्यावर आमचे फोटो बसून बघणार का?’ उत्तर गोलमाल आलं तर पैसे ठेवा खिशात. फुकटात हेच करायचं असेल तर चार-पाच मित्रांनी महिन्यातून एकदा दहा-दहा प्रिंट घेऊन जमावं. मुंबईत १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. एकमेकांचे फोटो समोर ठेवून बोलण्याची चाल आपल्याकडे तितकी जुनी आहे.

एक खर्च मात्र टाळू नका. पनवेलच्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी हटकून लागते. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात. साफ करून घ्यायला हजार ते अडीच हजार, आणि बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर लेन्स गेल्यातच जमा. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट आठ-दहा हजारांपासून मिळतं. ते नको असेल तर घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, सगळं मिळून पाचशे-सातशेत बसतं. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. त्यासाठी एक जुनी कढई कायमची वेगळी काढा. त्यातल्या रंगात कोबाल्ट असतं, त्या कढईत परत फोडणी नको.